घामोळं, उन्हाळी, तोंड येणं... ट्रान्सप्लांटनंतरची आमची दोन वर्षं

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला, त्यांच्या मुलाचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरलंय, काय काय होतं ते सांगा म्हणाल्या, आणि मी दीड तास बोलत बसले तरी अर्धं राहिलंच. म्हणून आता लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही, कराडची गृहिणी आहे, शिवणकाम करते. ह्यांना (म्हणजे मिस्टरांना, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक) 2022 मध्ये एएमएल निघाला, रक्ताचा कॅन्सर, आणि जीन रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले की नुसत्या केमोवर भागायचं नाही, बोनमॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या घालाव्या लागतील.

मॅचिंगचं थोडक्यात सांगते. सख्ख्या भावंडात पूर्ण मॅच मिळायची शक्यता चारात एक. ह्यांना एक बहीण, एक भाऊ, दोघंही अर्धे मॅच निघाले. वन्सं म्हणाल्या मी देते, रडल्या पण, पण डॉक्टरांनी भाऊजींना निवडलं. का, तर भाऊजी वयानं लहान आणि पुरुष. बाळंतपणं झालेल्या बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर पुढं त्या पेशींनी पेशंटच्याच अंगावर उठायचा धोका जरा जास्त असतो म्हणे. भाऊजींना पाच दिवस पोटात इंजेक्शनं, कंबर मोडल्यासारखी दुखायची, मग एका मशीनवर चार-पाच तास बसवून रक्तातून पेशी काढल्या. 29 नोव्हेंबर 2022 हा आमचा डे झिरो, म्हणजे पेशी चढवायचा दिवस. पिशवी लटकवली, पाऊण तासात संपली, मला वाटलं एवढंच? आणि खरंच एवढंच असतं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर असतं.

हॉस्पिटलातले पहिले वीस दिवस मी फार सांगत बसत नाही. अर्ध्या मॅचमध्ये पेशी दिल्यावर दुसऱ्या दिवसापासून 103 ताप आला, मी घाबरून गेले, सिस्टर म्हणाल्या अहो हा अपेक्षितच आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत एक केमोचं औषध दिलं (सायक्लोफॉस्फमाइड) तसा उतरला. मग तोंड आलं. आपल्याकडं तोंड आलं म्हणजे दोन फोड आणि जाईचा पाला. इथं तोंडापासून घशापर्यंत साल निघालेली, थुंकी गिळता येत नव्हती, मॉर्फिनचा पंप लावला होता. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करायचे. मी विचारलं, खातच काही नाहीत तर वजन कशाला? तर म्हणे वजन कमी होण्याची नाही, वाढण्याची भीती असते. लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या तर अंगात पाणी साठतं, दोन दिवसात दोन-तीन किलो वाढतात, उजव्या बरगडीखाली दुखतं, कावीळ होते. आमच्या बाबतीत ते झालं नाही, पण वजनकाट्याची सवय लागली ती आजपर्यंत. सोळाव्या दिवशी काउंट आले (नव्या पेशी रक्तात दिसायला लागल्या), विसाव्या दिवशी डिस्चार्ज, आणि आम्ही खारघरला भाड्यानं घेतलेल्या खोलीवर आलो.

इथून पुढं खरी माझी परीक्षा. वॉर्डात काय झालं ते बघायला पन्नास माणसं असतात. खोलीवर मी एकटी, आणि फोनवर सासूबाई. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली की ट्रान्सप्लांटनंतरचं प्रत्येक मोठं दुखणं आधी घरातल्या ओळखीच्या कपड्यात येतं. त्याला आपल्याकडं आधीच एक नाव असतं, त्या नावाला एक उपाय असतो, आणि त्या नावापायी एक-दोन दिवस जातात.

पहिलं म्हणजे उन्हाळी. चोविसाव्या दिवशी हे म्हणाले लघवीला जळजळतंय, सारखं जावं लागतंय. डिसेंबरात कसली उन्हाळी, पण सासूबाई फोनवर म्हणाल्या धने-जिऱ्याचं पाणी दे, सब्जा दे. मी सब्जा दिला नाही (कच्चं काही द्यायचं नाही एवढं डोक्यात पक्कं होतं), पण उकळलेलं पाणी मात्र भरपूर पाजलं आणि उद्या ओपीडीत सांगू म्हटलं. रात्री दोनला बाथरूममधून हाक आली. लघवी टोमॅटोच्या सारासारखी लाल, सकाळपर्यंत त्यात वाटाण्याएवढ्या गाठी. परत ॲडमिट. हा बीके व्हायरस. लहानपणीच बहुतेक सगळ्यांच्या अंगात शिरलेला असतो, किडनीत झोपून असतो, प्रतिकारशक्ती गेली की उठतो, आणि त्यात ते सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाचं अस्तर आधीच सोलून ठेवतं. यावर असं खास हुकमी औषध नाही. जाड नळी घालून मूत्राशय सलाइननं सतत धूत ठेवायचं, गाठी अडकू द्यायच्या नाहीत, प्लेटलेट वर ठेवायच्या आणि वाट बघायची. हे वेदनेनं पांढरे पडलेले असताना सिस्टरला म्हणाले, "मॅडम, रेडिएटर फ्लश करताय नव्हं, होऊ द्या सावकाश." सिस्टरला रेडिएटर कळलं नाही. बारा दिवस गेले त्यात.

आता माझी चूक सांगते, ती लिहायला जड जातंय पण त्यासाठीच तर लिहायला बसले. सायक्लोस्पोरिन नावाची गोळी असते, नव्या पेशींना शांत ठेवायला. ती सकाळी नऊ रात्री नऊ, मिनिट इकडंतिकडं नाही. तिची रक्तातली पातळी तपासतात. ती तपासायची ती सकाळची गोळी घ्यायच्या आधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी किती उरलंय ते बघायचं असतं. हे मला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं असणार, त्या दिवशी मला चाळीस गोष्टी सांगितल्या होत्या. 9 जानेवारीला ओपीडी होती, मी घड्याळ लावून नऊला गोळी दिली, वेळ पाळली म्हणून मनात खूश, आणि साडेदहाला रक्त दिलं. पातळी भलतीच जास्त आली. साहजिक आहे, गोळी नुकतीच पोटात गेलेली. डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढच्या आठवड्यात परत तपासलं तर एकदम खाली. तेव्हा तिथल्या फार्मासिस्टनं विचारलं, मागच्या वेळी गोळी घेऊन आला होतात का? मी हो म्हटलं आणि ती मुलगी गप्प झाली. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं असं मला कुणीही म्हणालं नाही, डॉक्टर तर म्हणाले अर्ध्या मॅचमध्ये होऊ शकतंच. पण माझ्या मनातून ते जात नाही. तेव्हापासून तपासणीच्या दिवशी ती गोळी मी पर्समध्ये ठेवते, घरात ठेवतच नाही. रक्त दिलं की तिथंच बाकावर बसून द्यायची.

संक्रांतीच्या दिवशी, म्हणजे डे 47, ह्यांच्या कानामागं आणि तळहातावर लाली दिसली. मी म्हटलं घामोळं असेल, खोली पत्र्याखालची, दुपारी तापायची. खाज होती थोडी. हे म्हणाले काही नाही, सणाच्या दिवशी हॉस्पिटल नको. दुसऱ्या दिवशी छातीवर, पाठीवर. आता विचार केला तर, घामोळं कधी तळहातावर येतं का? तळपायावर येतं का? नाही येत. कान, तळहात, तळपाय, इथं लाली आली की ती घामोळं नव्हे, हे मी आता झोपेतही सांगेन. ओपीडीत डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला, हाताचे पंजे बघितले आणि म्हणाले जीव्हीएचडी. म्हणजे भाऊजींच्या पेशींनी ह्यांचं शरीर परकं ठरवलं. मला सासूबाईंना फोनवर सांगायचं होतं, कसं सांगावं कळेना, शेवटी म्हटलं, "नवीन भाडेकरू आलेत ते घरमालकालाच बाहेर काढायला बघतायत." त्या म्हणाल्या, "धाकट्याचं रक्त आहे, भांडणारच." लहानपणी दोघं भाऊ फार भांडायचे म्हणे.

कातडीवर राहिलं असतं तर मलमांवर भागलं असतं कदाचित. पण दोन-तीन दिवसांत पोट बिघडलं. आता इथंही घरचं नाव तयार होतं, बाधलं. हे म्हणाले तू काल दिलेली खिचडी बाधली. मी तीन दिवस स्वतःला दोष देत होते की कुकरचं झाकण लवकर काढलं का, पाणी नीट उकळलं होतं का. जुलाब म्हणजे हिरवट पाणी आणि त्यात शेवाळ्यासारखे धागे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचे तो किती वेळा नाही, किती मिली. मापाचं भांडं दिलं होतं. मला पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी किळस आली, तिसऱ्या दिवसापासून काही वाटलं नाही, दूध मोजावं तसं मोजून वहीत लिहायचे. 500 च्या वर गेलं की त्यांच्या लेखी ते पोटाचं जीव्हीएचडी धरायचं, 1000 च्या वर, 1500 च्या वर अशा पायऱ्या आहेत. आमचा आकडा 1350 पर्यंत गेला.

आणि इथं एक मोठा पेच असतो. असेच जुलाब सीएमव्ही नावाच्या व्हायरसनंही होतात, दुसऱ्या जंतूंनीही होतात. जीव्हीएचडी असेल तर जबरदस्त स्टेरॉइड द्यायचं, आणि इन्फेक्शन असेल तर तेच स्टेरॉइड आगीत तेल. दिसायला दोन्ही सारखं. म्हणून आतड्यात दुर्बीण घालून तुकडा काढून तपासला. प्लेटलेट कमी असताना तुकडा काढायचा म्हणजे रक्तस्रावाची भीती, आधी प्लेटलेट चढवल्या (त्या पिशव्या रेडिएशन देऊन आणलेल्या असतात, साध्या चालत नाहीत, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात रक्त द्यायची वेळ आली तर हे आधी सांगा, तसं लिहिलेलं कार्ड मी ह्यांच्या खिशात ठेवलंय). रिपोर्ट जीव्हीएचडी. मग किलोमागं 2 मिलिग्रॅम, ह्यांचं वजन तेव्हा 58, म्हणजे रोज 116 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड). अंगावरची लाली चार दिवसांत गेली, जुलाब मात्र हटेनात. सहाव्या दिवशी रक्सोलिटिनिब नावाचं दुसरं औषध सुरू केलं. किंमत ऐकून भाऊजींनी बाहेर जाऊन बराच वेळ फोन फिरवले, ट्रस्टचे कागद, मुख्यमंत्री निधीचे कागद, तो एक वेगळाच विषय आहे. हळूहळू आकडा उतरत गेला. 1350, 1100, 700. ज्या दिवशी 180 झाला त्या दिवशी मी वहीत त्या आकड्याला हळदी-कुंकू लावलं, खोटं नाही सांगत, ते पान अजून आहे.

स्टेरॉइडवर माणूस वेगळाच होतो हे कुणी सांगत नाही. साखर 380, इन्सुलिन सुरू. तोंड सुजून गोल. झोप नाही. एका रात्री तीनला मला जाग आली तर ह्यांनी टेबलफॅन पूर्ण उघडून फरशीवर मांडला होता, एकेक स्क्रू रांगेत, आणि एकटेच बडबडत होते की बुश गेलंय. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. मांड्यांतली ताकद इतकी गेली की खाली बसलं की उठता येईना, भारतीय पद्धतीच्या संडासात एकदा वीस मिनिटं अडकले, मग खुर्चीचा कमोड आणला. आणि बुरशीची भीती. समोर टॉवरचं बांधकाम चालू होतं, धूळच धूळ, आणि खिडकीत कबुतरं. त्या धुळीत आणि कबुतराच्या विष्ठेत बुरशीचे बारीक कण असतात, धडधाकट माणसाला काही होत नाही, पण ह्यांच्या छातीत बसले तर संपलंच. मी खिडकीला ओली चादर लावायचे, दारात फुलांची कुंडी होती ती घरमालकिणीला उचलायला लावली, तिला राग आला. बुरशीविरुद्धची गोळी सुरू केली तर तिच्यामुळं सायक्लोस्पोरिनची पातळी वाढते, म्हणून त्याचा डोस परत कमी. एक नट घट्ट केला की दुसरा ढिला होतो, हे म्हणायचे.

आणि मग सीएमव्ही आलाच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. काही लक्षण नव्हतं, ताप नाही, काही नाही, दर आठवड्याच्या तपासणीत आकडा वाढलेला दिसला एवढंच. म्हणून ती आठवड्याची तपासणी चुकवायची नाही. आपल्या देशात हा व्हायरस बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतो. त्याच्या गोळीनं पांढऱ्या पेशी परत पडल्या, परत इंजेक्शनं. पण पकडला लवकर, तीन आठवड्यांत आकडा गेला.

तापाबद्दल एकच प्रसंग सांगते. 100.4 झाला की विचार नाही, थेट हॉस्पिटल, क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, हे भिंतीवर लिहून ठेवलं होतं. एके दिवशी लाइन धुतल्यावर (छातीत बसवलेली नळी) पंधरा मिनिटांत ह्यांना थंडी भरली, दात वाजायला लागले, ताप मात्र 99. मी थर्मामीटरकडं बघत बसले, नियमात बसत नाही म्हणून. शेजारच्या खोलीत जळगावच्या काकू होत्या, त्यांच्या मुलाचं आधी झालेलं, त्या म्हणाल्या, "अगं नळी धुतल्यावर थंडी म्हणजे नळीतच जंतू, रिक्षा बोलव." बोलावली. रिक्षात बसेपर्यंत 102. नळी काढली. स्टेरॉइडवर ताप दबलेला असतो हे मला तेव्हा कळलं, आकडा लहान दिसतो म्हणून दुखणं लहान नसतं. त्या काकूंचा मुलगा नंतर गेला. मी जास्त लिहीत नाही.

डे 100 आला 9 मार्चला, धुळवड नुकतीच झाली होती. पेशींची तपासणी, शंभर टक्के भाऊजींच्या. रक्तगट बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह होत चाललेला. मला वाटलं सुटलो. एप्रिलमध्ये कराडला आलो, दारात भाकरतुकडा ओवाळला, सासूबाईंनी तीर्थ पुढं केलं आणि मी हात धरला, त्यांना वाईट वाटलं. दही, ताक, कच्ची कोशिंबीर, प्रसादाचं काही नाही. उन्हात जायचं नाही, उन्हानं कातडीचं दुखणं परत उठतं, म्हणून एसटीचा मेकॅनिक पावसाळी छत्री घेऊन एप्रिलात फिरतोय, लोक बघायचे.

ऑगस्टमध्ये दुसरा अध्याय. डोळ्यात कचकच, वाळू गेल्यासारखी. सासूबाईंचं गुलाबपाणी तयार. टूथपेस्टनं तोंड जळतंय, आमटी झोंबते, डाळिंब झोंबतं. मी आरशाजवळ टॉर्च लावून बघितलं तर गालाच्या आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेघा. आता मी शहाणी झाले होते, गुलाबपाणी नाही, फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवला. क्रॉनिक जीव्हीएचडी, म्हणजे तेच दुखणं, पण लांबत राहणारं. डोळ्याच्या पापणीत कागदाची पट्टी लावून पाणी किती येतं मोजतात, पाच मिनिटांत 2 मिलिमीटर आलं. रडू आलं तरी डोळ्यात पाणी येत नाही ह्यांच्या, हे मला भाचीच्या लग्नात दिसलं, चेहरा रडतोय आणि डोळे कोरडे. दिवसातून आठ वेळा ड्रॉप, स्टेरॉइडच्या पाण्यानं चुळा, लहान मुलांची टूथपेस्ट.

आणि एक मात्र परत हुकलं. आगाशिवचा डोंगर चढून-उतरून नाश्त्याला घरी येणारा माणूस आमच्याच घराच्या जिन्यात मधे थांबायला लागला. अशक्तपणा आहे, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत राहिलो. दीड महिना. खोकला फारसा नाही, कफ नाही, ताप नाही. नोव्हेंबरच्या तपासणीत नळीत फुंकायला लावलं आणि पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा, असायला हवी त्याच्या 54 टक्क्यांवर. ट्रान्सप्लांटच्या आधी 91 होती. फुप्फुसातल्या बारीक नळ्या आवळत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले गेलेलं फारसं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. पंप, परत थोडं स्टेरॉइड, रक्सोलिटिनिब वाढवलं. मी घरी आल्यावर वही उघडली. वजन होतं, ताप होता, लघवी होती, किती पायऱ्यांवर थांबले ते कुठंच नव्हतं. आता तो कॉलम आहे.

लसींचं एक मजेशीर आहे. लहानपणीच्या सगळ्या लसी पुसल्या जातात, परत द्याव्या लागतात. त्रिगुणी, पोलिओचं इंजेक्शन, कावीळ बी, न्यूमोनिया. गोवराची मात्र नाही, ती जिवंत लस, दोन वर्षं झाल्याशिवाय आणि औषधं बंद झाल्याशिवाय द्यायची नाही. दवाखान्यातल्या नव्या सिस्टरनी कागद बघून विचारलं, "बाळ कुठंय?" हे पन्नाशीला आलेले, शर्टाची बाही वर करून पुढं झाले.

परवा परत फुंकायची तपासणी होती. तीन वेळा फुंकायला लावतात, हे गाल फुगवून टायरमध्ये हवा भरल्यासारखे फुंकतात, ती टेक्निशियन हसते. 55 आलं. मागच्या वेळीही 55. डॉक्टर म्हणाले स्थिर आहे, तीन महिन्यांनी या. बाहेर आलो तर गाड्यावर कढईतून वडे निघत होते. गरम, डोळ्यासमोर तळलेलं चालतं. मी एक घेऊन दिला, चटणी नाही, मिरची नाही, पावाच्या आतही काही लावू दिलं नाही. ह्यांनी एक घास खाल्ला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्याला वडापाव म्हणायचं असंल तर मग एसटीला विमान म्हणा." पण खाल्ला सगळा.